चार बोटं लहान

त्या सकाळी तिचं आणि बाबांचं वाजलं ते शर्टावरून. कॅमेऱ्यापुढे बसायचंय तर निदान रंगाचे डाग नसलेला शर्ट घाला, असं ती म्हणत होती. डाग नसलेला शर्ट माझ्याकडे असता तर मी बँकेत असतो, असं बाबा म्हणत होते.

"लोक म्हणतील, मुलगी शर्टसुद्धा धुऊन देत नाही."

"लोकांना सांगू, मुलगी पुस्तकं धुते. तिला फुरसत नसते."

पुस्तकं धुणं हे बाबांनी तिच्या नोकरीला दिलेलं नाव. ती एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करायची. लेखकांनी आठवणीवर विसंबून दिलेली उद्धृतं मूळ पुस्तकांशी ताडून बघायची, आणि मधले शब्द गाळले असतील तिथे तीन टिंबं दिली आहेत ना, याची खात्री करून घ्यायची. हा तिचा हट्ट एवढा प्रसिद्ध होता, की कचेरीतले लोक तिला चहाचं विचारतानाही ‘पूर्ण कप देऊ की टिंबं देऊन अर्धा?’ म्हणत. घरी बाबांनी तिचं नाव ‘तपासनीस बाई’ ठेवलं होतं.

बाबा नकला करत. जुन्या, नावाजलेल्या चित्रांच्या नकला. त्यांना हाच शब्द आवडायचा. कोणी ‘प्रतिकृती’ म्हटलं की ते वैतागत. "त्या शब्दाला उगाच कोट-टाय घालू नका. नक्कल म्हणजे नक्कल." पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी त्यांचं ईझल होतं, शेजारी जवसाच्या तेलाच्या बाटल्या आणि मूठ झिजलेले ब्रश. त्या खोलीत टर्पेंटाइनचा वास इतका मुरला होता, की तिला लहानपणी वाटे, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो.

शेवटी बाबांनी डागांचाच शर्ट घातला, वर एक जाकीट चढवलं आणि म्हणाले, "झालं? आता मी वरून जावई आणि आतून रंगारी."

फिल्मवाले दोघंच आले. एक दिग्दर्शक. त्याचं प्रत्येक वाक्य ‘जरा असं बघा’ने सुरू व्हायचं, म्हणून त्याच्या पाठीमागे बाबा त्याला ‘जरा-असं’ म्हणत. दुसरा आवाज टिपणारा. सदा कानांवर हेडफोन, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. त्याने बाबांच्या जाकिटाला भुंग्याएवढा माईक लावला. बाबा त्या माईककडे मान वाकवून म्हणाले, "नमस्कार."

फिल्मचं कारण साधंसुधं नव्हतं. शहरातल्या संग्रहालयात एक जुनं, गाजलेलं चित्र होतं: दिव्याखाली शिवत बसलेली बाई. मुलगी शाळेत होती तेव्हा ते चित्र दुरुस्तीला बाहेर पाठवायचं ठरलं. तोवर भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून संग्रहालयाने बाबांकडून त्याची नक्कल करून घेतली. खाली पाटी लागली, ‘नक्कल’. मग अधिकारी बदलले, भिंती रंगवल्या गेल्या, पाट्या नव्याने छापल्या आणि त्यात तो एक शब्द कुठे गळाला कोण जाणे. मूळ चित्र दुरुस्तीहून परत आलंच नाही. ते कुठे गेलं हे कोणालाच सांगता येईना. किंवा ज्यांना सांगता येत होतं ते निवृत्त होऊन गप्प बसले होते. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका जाणकाराने त्या चित्राकडे पाहिलं आणि हे जुनं नव्हे म्हणून सांगितलं. वर्तमानपत्रांनी ‘बनावट चित्र’ म्हणून ओरड केली. संग्रहालयाने हात वर केले. राहता राहिले बाबा.

"एकदा कॅमेऱ्यासमोर सगळं सांगून टाकतो," बाबा तिला आदल्या आठवड्यात म्हणाले होते. "मग कोणी काही का म्हणेना. माझी झोप मोकळी."

सकाळभर ते सांगत राहिले. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"काका, जरा असं बघा," दिग्दर्शक म्हणाला, "हुबेहूब काढायचं, पण फसवायचं नाही, हे दोन्ही एकदम कसं जमतं?"

बाबांनी उजव्या हाताची चार बोटं जुळवून कॅमेऱ्यासमोर आडवी धरली. "हे एवढ्याने जमतं. माझी नक्कल मूळ चित्रापेक्षा उंचीला चार बोटं लहान, रुंदीला चार बोटं लहान. कायम. आमच्या गुरुजींची शिस्त. रंग त्यांचा, रेघ त्यांची, माप माझं. मूळ चित्राची सही मी कधी काढत नाही, आणि हा चार बोटांचा फरक कधी सोडत नाही. कोणीही यावं, पट्टी लावावी."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, मला तंतोतंत मापाचंच हवंय?"

"त्याला म्हणतो, दारात चप्पल आहे, घाला आणि दुसरा चोर बघा."

दिग्दर्शक खो खो हसला. बाबाही हसले. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "त्या शिवणाऱ्या बाईच्या चौकटीत आतून सोनेरी पट्टी बसवलीय. चारही बाजूंनी. जुन्या चौकटीत माझं चित्र लहान पडत होतं म्हणून. संग्रहालयाच्याच सुताराने माझ्यासमोर बसवली. आजही आहे. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल."

"वा," दिग्दर्शक म्हणाला. "हे फार सुंदर आहे, काका. फार सुंदर."

तिला बरं वाटलं. आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं.

कॅमेरा बंद झाल्याचं तिला स्वयंपाकघरातून कळलं, कारण बाबांचा आवाज बदलला. कॅमेऱ्यापुढे ते जरा छाती काढून बोलत होते. आता नेहमीचा, खालच्या पट्टीतला आवाज आला. दिग्दर्शकाने शेल्फवरच्या फोटोकडे बोट दाखवलं असावं, कारण बाबा म्हणाले, "ही आमची. जाऊन खूप वर्षं झाली." मग बाबाच बोलले, कोणी न विचारता.

"खोटं बोललो मी. मुलीची शेवटची परीक्षा चालली होती, परगावी. रोज फोन करायची, आई कशी आहे. मी म्हणायचो, सुधारतेय. माहीत होतं मला सगळं."

तिच्या हातातलं पातेल्याचं झाकण निसटलं. ओट्यावर आपटून ते फरशीवर पडलं आणि आपल्याभोवती गोल गोल फिरत राहिलं, मोठ्याने, मग लहान लहान होत, थांबायचं नावच घेईना. तिने वाकून त्यावर हात ठेवला.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं," बाहेर बाबा बोलतच होते. "तरी तिला म्हणायचो, अगदी छान आहे, तू पेपर दे. विश्वास ठेवला पोरीने. पेपर देऊन घरी आली तर घरात आई नव्हती. इतकी वर्षं झाली. ती एका शब्दाने बोलली नाही मला. रागावली असती तर बरं झालं असतं. माफी मागायला माझं तोंड नाही."

ती हातात झाकण घेऊन तशीच उभी राहिली. बाहेर जावं, काहीतरी बोलावं, असं वाटलं. पण बाहेर परकी माणसं होती, आणि चहा उतू जायला आला होता. तिने चहा गाळला, कप ट्रेमध्ये मांडले, ट्रे बाहेर नेला.

"तुमच्यात साखर कमी घातलीय," ती बाबांना म्हणाली.

"म्हणजे टिंबं दिलीस," बाबा म्हणाले.

संध्याकाळी फिल्मवाले गेल्यावर बाबांनी ब्रश धुतले, बातम्या ऐकल्या, जेवताना ‘जरा-असं’ची नक्कल करून दाखवली. ही नक्कल मात्र मूळ मापाची होती. बोलायचं ते उद्या बोलू, असं तिने ठरवलं. इतकी वर्षं राहिलेलं एक दिवस आणखी राहिलं तर काय बिघडतंय.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा उठले नव्हते. ते उठलेच नाहीत.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरातून माणूस गेलंय त्यांना ठाऊक आहे. ती कचेरीत जायची, उद्धृतं ताडायची, घरी येऊन पुढच्या खोलीची खिडकी उघडायची, थोड्या वेळाने लावायची. बाबांची मोठी बहीण, आत्या, राहायला आली होती. ती अधूनमधून मोठ्याने म्हणायची, "त्या बाटल्या टाकून दे गं, डोकं दुखतं वासाने." आणि भाचीने एक बाटली उचलली की म्हणायची, "आजच कशाला? राहू दे."

मग दिग्दर्शकाचा फोन आला. फिल्म तयार झाली होती. संग्रहालयाच्याच सभागृहात पहिला खेळ होणार होता. "ताई, तुम्ही आधी बघावी असं वाटतं. काकांना अर्पण केलीय."

संकलनाची खोली एका व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर होती. भिंतींना राखाडी स्पंज, एक मोठा पडदा, खाली संगणकावर रंगीत पट्ट्या एकाखाली एक: चित्राच्या निळ्या, आवाजाच्या हिरव्या. आवाजवाला कोपऱ्यात बसला होता. या वेळी हेडफोन गळ्यात होते, तरी तिच्याकडे बघून त्याने हातानेच नमस्कार केला.

फिल्म सुरेख होती. हे तिला मान्य करावं लागलं. बाबांचे हात, ब्रशच्या टोकावर थरथरणारा रंगाचा थेंब, खिडकीतला उजेड. तिने ओठ घट्ट मिटले.

बाबांनी सकाळभर जे सांगितलं त्यातलं बरंच काही नव्हतं. होईल पुढे, असं समजून ती बघत राहिली. मग पडद्यावर शिवणाऱ्या बाईचं मूळ चित्र आलं, जुन्या पुस्तकातल्या फोटोवरून घेतलेलं. त्यावर हळूहळू बाबांची नक्कल उमटत गेली. दिव्यावर दिवा, सुईवर सुई, कडेवर कड. दोन्ही चित्रं एकमेकांत केसभरही फट न ठेवता मिसळून गेली. निवेदक गंभीरपणे म्हणाला, "तंतोतंत. इतकी तंतोतंत, की कित्येक वर्षं एक अख्खं शहर फसलं. या कारागिराला ते माहीत होतं का?"

पडदा काळा झाला. मग अंधारातून बाबांचा आवाज आला. तो खालच्या पट्टीतला, नेहमीचा.

"खोटं बोललो मी... माहीत होतं मला सगळं."

लांब कुठेतरी धातूचं काहीतरी पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

"इतकी वर्षं झाली... माफी मागायला माझं तोंड नाही."

पडद्यावर बाबांची चार बोटं ब्रश पुसत होती. मग अक्षरं आली: ‘एका नक्कलकाराच्या स्मृतीस’.

दिवे लागले तेव्हा दिग्दर्शक तिच्याकडे अपेक्षेने बघत होता. तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी त्याची अटकळ असावी. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"हे वाक्य त्यांनी कशाबद्दल म्हटलं होतं?" तिने विचारलं.

"ताई, जरा असं बघा..."

"असंही बघते आणि तसंही बघते. कशाबद्दल म्हटलं होतं?"

दिग्दर्शकाने खुर्ची जवळ ओढली. "तुमच्या आईंबद्दल. मला माहितीय ना. मी तिथेच होतो. पण त्या वाक्यात जी वेदना आहे, जो अपराधीपणा आहे, तो काकांच्या सगळ्या आयुष्याचा आहे. मी फक्त तो योग्य जागी ठेवला."

"योग्य जागा कोणती ते तुम्ही ठरवलंत."

"दिग्दर्शक तेच करतो, ताई. सगळे शब्द काकांचेच आहेत. एक शब्द मी घातलेला नाही."

"गाळलेत किती?"

तो हसला. "ते तर संकलन असतं."

"आमच्याकडेही असतं," ती म्हणाली. "आम्ही दोन शब्द जरी गाळले तरी तिथे तीन टिंबं देतो. वाचणाऱ्याला कळावं म्हणून, की इथे काहीतरी होतं, ते आम्ही काढलंय. तुमच्या सिनेमात टिंबं कुठे असतात?"

कोपऱ्यात आवाजवाला आपल्या बुटांकडे बघत होता.

"आणि चार बोटांचं कुठे आहे? सकाळभर सांगत होते. तुम्ही ‘फार सुंदर’ म्हणाला होतात."

"ते जरा तांत्रिक होत होतं. गती मंदावत होती."

"लहान चित्र मोठ्या चित्रावर कडेला कड कसं बसलं?"

"पडद्यावर माप नसतं, ताई. दोन्ही पडदाभर दाखवली की सारखीच दिसतात. ती एक प्रतिमा आहे. प्रतीक."

"त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर दिग्दर्शकाला सोपं गेलं असतं. "दुसऱ्याचं चित्र काढताना ते मूळ चित्राएवढं करायचं नाही. तुम्ही एका बटणाने ते मोठं केलंत आणि मग विचारलंत, एवढं तंतोतंत कसं काय हो? बनावट चित्र त्यांनी काढलेलं नाही. या खोलीत तुम्ही बनवलंत ते."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, म्हणून मी मनावर घेत नाही."

"घ्या ना. मनावरच घ्या."

दिग्दर्शकाचा आवाज आता जरा थंड झाला. पुढच्या आठवड्यात खेळ आहे, निमंत्रणं गेलीत, संग्रहालयाचे प्रमुख भाषण करणार आहेत. आता काही बदलता येणार नाही. आणि काका तर आता नाहीत. त्यांना काय त्रास होणार? उलट नाव होईल.

ती उठली. दारापाशी आवाजवाला उभा होता. "चहाच्या वेळी माईक चालू होता," ती त्याला म्हणाली.

"मी काही बंद करत नाही," तो म्हणाला. "सवय आहे. काही ना काही मिळतं." मग थोडं थांबून, "ते भांडं पडल्याचा आवाज काढायचा प्रयत्न केला होता मी. त्यांच्या शब्दाच्या शेपटाला चिकटला होता, निघेना. सर म्हणाले, राहू दे, जिवंत वाटतं."

"जिवंतच आहे तो," ती म्हणाली.

घरी आत्या वाटच बघत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"त्याच्या नरडीचा घोट घेतला नाहीस?"

"आत्या."

"काय आत्या? माझा भाऊ. अरे, त्याने कधी परीक्षेत कोणाची कॉपी केली नाही, आणि आयुष्यभर कॉपी करण्याचा धंदा केला तोही इमानाने केला. त्याला हा टिनपाट माणूस चोर ठरवणार? आणि वरून अर्पण! पेढा भरवल्यासारखं! पेपरात दे लिहून."

"काय लिहू? ते वाक्य चित्राबद्दल नाही, असं लिहायचं तर कशाबद्दल आहे तेही लिहावं लागेल."

त्या परीक्षेच्या दिवसांत आत्या याच घरात होती. फोनवर बाबा ‘छान आहे’ म्हणत तेव्हा ती शेजारीच उभी असे. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यावर कोणी कधी बोललेलं नव्हतं.

"मग सांग की," आत्या म्हणाली.

"चारचौघांत? ते आमच्या दोघांचं होतं, आत्या. त्यांच्याशीसुद्धा मी ते कधी बोलले नाही."

"तुमच्या दोघांचं होतं. तो मेला सिनेमावाला ते चारचौघांत घेऊन गेलाच आहे ना? आता तू ते तिथून परत आणायचंस, की तिथेच टाकून यायचंस, एवढंच उरलंय."

तिने पुढच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. तिला बाबांचा राग आला, आईचा आला, त्या बोलघेवड्या माणसाचा तर आलाच. पण सगळ्यांत जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. बाबांनी आयुष्यात एकदाच ती गोष्ट तोंडातून बाहेर काढली होती. ती तिच्यासाठी होती. भिंतीपलीकडे ती आहे हे त्यांना ठाऊक होतं, झाकणाचा आवाज त्यांनीही ऐकला असणार, तरी ते बोलतच राहिले होते. तिच्यासाठीचा तो निरोप या माणसाने उचलला, पत्ता खोडला, आणि सगळ्या शहराच्या नावे टाकला. शहर आता त्यांना माफ करायला बसणार होतं. ज्या शहराला त्यांनी फसवलंच नव्हतं ते!

खेळाच्या दिवशी संग्रहालयाचं सभागृह भरलं होतं. आत जाण्याआधी ती आत्याला घेऊन वरच्या दालनात गेली. शिवणारी बाई अजून तिथेच होती. आता तिच्यापुढे दोरी बांधली होती आणि लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. चौकटीच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी सोनेरी लाकडी पट्टी होती. जुन्या चौकटीचं सोनं काळवंडलेलं, पट्टीचं अजून पिवळं. आत्याने दोरीवरून हात लांब करून पट्टीसमोर बोटं धरली. "दोन इकडे, दोन तिकडे," ती म्हणाली, आणि पहारेकरी ओरडला तेव्हा त्याच्यावरच खेकसली, "माझ्या भावाचं चित्र आहे, हात नाही लावलेला!"

संग्रहालयाच्या प्रमुखांनी भाषण केलं. सत्याला सामोरं जाण्याचं धाडस, असं काहीतरी ते म्हणाले. निवृत्त झालेल्या कोणाचंही नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. मग अंधार झाला.

ती बाबांच्या हातांकडे बघत राहिली. दोन चित्रं एकमेकांवर बसली तेव्हा सभागृहातून ‘अरे वा’ असा एक दबका आवाज निघाला. मग पडदा काळा झाला, बाबा बोलले, झाकण फिरलं, आणि तिच्या मागच्या रांगेतल्या एका बाईने उसासा टाकला. "बिचारा," ती बाई म्हणाली. "निदान कबूल तरी केलं."

आत्याने तिचा हात इतका दाबला की दुखलं.

टाळ्या झाल्या. दिग्दर्शक मंचावर खुर्चीत बसला. प्रश्न विचारायला माईक फिरू लागला. कोणी संगीताचं कौतुक केलं. कोणी विचारलं, इतका खरा क्षण तुम्हाला मिळाला कसा? दिग्दर्शक म्हणाला, "जरा असं बघा, कॅमेरा खूप वेळ सोबत राहिला, की माणूस खोटं बोलायचं थांबतो."

तिने हात वर केला. दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि तो दुसरीकडे वळला. पण माईक नेणारी मुलगी तिच्याच रांगेत होती, आणि आत्याने तो तिच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला आणि भाचीकडे दिला.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. सभागृहात खळबळ झाली, माना वळल्या. "माझ्या वडिलांच्या नकला मूळ चित्रापेक्षा चार बोटं लहान असतात. या चित्रपटात दोन्ही चित्रं सारख्या मापाची दिसली, कारण नक्कल मोठी करून दाखवलीय. खरं-खोटं बघायला कुठे लांब जायला नको. वरच्या दालनात जा आणि चौकटीतली सोनेरी पट्टी बघा. ती याच संग्रहालयाने बसवलीय. माझ्या वडिलांनी ही गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगितली होती. ती काढून टाकलीय."

"ताई, हे आपण नंतर..." दिग्दर्शक म्हणाला.

"नंतर माझे वडील येणार नाहीत," ती म्हणाली. "आता तुम्ही थांबा."

तो थांबला. संग्रहालयाचे प्रमुख पाण्याचा ग्लास शोधू लागले.

"शेवटी जो कबुलीजबाब ऐकलात, तो आवाज त्यांचाच आहे. शब्दही त्यांचेच. पण ते चित्राबद्दल नाहीत. त्यामध्ये कशाचा तरी आवाज आला, आठवतंय? गोल फिरल्याचा?" काही माना हलल्या. "ते आमच्या स्वयंपाकघरातलं झाकण आहे. माझ्या हातून पडलं. कॅमेरा बंद होता, चहा व्हायचा होता, आणि वडील माझ्याबद्दल बोलत होते. सगळं बोलणं या लोकांकडे आहे. त्यांनी ते आत्ता इथे पूर्ण लावावं. मी बसून ऐकते."

तिने मागे, जिथून आवाज सोडला जातो त्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. आवाजवाला आत उभा होता. त्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने मान हलवली, नाही अशी. आवाजवाला खाली बसला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मला सांगावं लागेल."

एवढी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि त्या चिडीने तिला काठीसारखं सरळ उभं धरलं होतं.

"माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी परगावी परीक्षेला बसले होते. वडील मला फोनवर सांगत, आई सुधारतेय. ते खोटं होतं. मी परतले तेव्हा आई गेली होती. ‘खोटं बोललो मी’ ते हे. ‘माहीत होतं मला सगळं’ ते हे. त्यांनी एवढंच एक खोटं सांगितलं, तेही एकाच माणसाला. त्याची माफी द्यायची की नाही हा माझा हक्क होता. या सभागृहाचा नव्हता. यांचा नव्हता."

मागच्या रांगेतली ती बाई खाली बघत होती.

आता बसायला हरकत नव्हती. सांगायचं ते सांगून झालं होतं. बाबांचं नाव जिथून उचललं होतं तिथे तिने परत नेऊन ठेवलं होतं, आणि ज्याला पटवून घ्यायचंय त्याला पट्टी बघायला जिना चढायचा होता. पण माईक अजून हातात होता. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच थांबलेलं होतं: बाबांचा हात, जुळलेली चार बोटं, फडक्यात ब्रश. ती दिग्दर्शकाकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्या सभागृहात वाजला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. "मी रागावले होते. खूप रागावले होते. तुम्हाला कधी दिसू दिलं नाही. पण तो राग केव्हाच गेला होता, बाबा. मी चहा घेऊन आले तेव्हा हेच सांगायला आले होते."